हँडबॉलकडे नवी मुलं कशी आणायची, आणि आलेली कशी टिकवायची

शाळेच्या मैदानाच्या एका कडेला खो-खो चाललेला असतो, दुसऱ्या कडेला कबड्डी, आणि मधल्या जागेत क्रिकेटचे चार-पाच डाव एकमेकांत मिसळलेले. अशा मैदानावर जाऊन “आपण हँडबॉल सुरू करतोय” म्हटलं की हमखास प्रश्न येतो, “सर, म्हणजे व्हॉलीबॉल का?” मी आता त्याचं उत्तर देत बसत नाही. चेंडू हातात देतो आणि भिंतीवर खडूने काढलेल्या चौकटीकडे बोट दाखवतो. “मार.”

ज्या शिक्षकाला, माजी खेळाडूला किंवा हौशी पालकाला आपल्या गावात किंवा शाळेत हँडबॉलची पहिली तुकडी उभी करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सुरुवात करताना मी स्वतः मोठी चूक केली होती. पहिल्या दिवशी तीसेक मुलं जमली, आणि मी त्यांना रांगेत बसवून अर्धा तास नियम समजावले. दुसऱ्या दिवशी नऊ आली. त्या नऊंनी मला शिकवलं की मुलं माहिती ऐकून राहत नाहीत. पहिल्याच दिवशी ज्याने स्वतःच्या हाताने एक गोल केला, तो परत येतो. पुढची सगळी तयारी त्या एका गोलासाठी आहे.

तुम्हाला स्वतःला किती नियम यायला हवेत?

सुरुवातीला फार नाहीत. एका संघात गोलकीपर धरून सात जण मैदानात. मैदान ४० बाय २० मीटर, गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. गोलसमोर ६ मीटरवर कमान असते. तिच्या आत पाय टेकायचा हक्क फक्त गोलकीपरला. मात्र कमानीबाहेरून उडी मारून, पाय जमिनीला लागायच्या आत हवेतूनच चेंडू फेकला तर चालतं. हँडबॉलचा सगळा थरार त्या उडीत आहे. चेंडू हातात धरून तीन पावलं टाकता येतात आणि तीन सेकंद तो धरता येतो. टप्पे मारत पळता येतं, पण टप्पे थांबवून चेंडू धरला की पुन्हा टप्पा नाही. पास द्या, नाहीतर गोलवर मारा.

एवढ्या भांडवलावर पहिले दोन महिने निघतात. सात मीटरची पेनल्टी, दोन मिनिटांचं निलंबन, रटाळ खेळासाठी पंच वर करतात तो हात, हे सगळं मुलं स्वतः विचारायला लागली की सांगावं. ती विचारतातच.

कोणाला बोलवायचं?

चौथी ते सहावी. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना फेकायची मुळात हौस असते, अभ्यासाचा बोजा अजून अंगावर आलेला नसतो, आणि मोठ्या खेळांच्या संघांनी त्यांना अजून उचललेलं नसतं. बरेच जण आठवी-नववीतली उंच, दांडगी मुलं हेरायला जातात. ती आधीच कुठल्या ना कुठल्या संघात असतात, आणि एका मैदानावर दोन सरांची ओढाताण सुरू झाली की मूल मधल्यामध्ये दोन्ही खेळ सोडतं. दुसऱ्याचा खेळाडू पळवून आपला खेळ वाढत नाही.

याचा अर्थ मोठ्या मुलांना दार बंद असा नाही. भालाफेक करणारा, कबड्डीत चपळ असलेला, व्हॉलीबॉलच्या संघात निवड न झालेला सोळा वर्षांचा मुलगा हँडबॉल झपाट्याने उचलतो. तो आपणहून आला तर जरूर घ्या.

आणि डावखुरी मुलं शोधा. हे मी कळकळीने सांगतोय. मैदानाच्या उजव्या बाजूने, उजव्या विंगवरून (अगदी कडेची जागा) किंवा उजव्या बॅकच्या जागेवरून (तिच्या आतली, गोलपासून लांबची), डावखुऱ्याच्या हाताला गोल जास्त उघडा दिसतो, म्हणून चांगला संघ त्या जागांवर डावखुराच खेळवतो. घरी ज्याला “उजव्या हाताने जेव” म्हणून टोकलं जातं, त्या पोराला एखाद्या मैदानावर कोणीतरी “तू डावरा आहेस? मग तू हवाच आहेस” म्हणावं, याचं त्याला केवढं अप्रूप वाटतं ते एकदा पाहा.

बोलावणं कसं करायचं? परिपाठानंतर मुख्याध्यापकांकडून पाच मिनिटं मागून घ्या. त्यातली चार मिनिटं दोन मोठ्या मुलांना उडी मारून गोल करताना दाखवण्यात घालवा आणि उरलेल्या एका मिनिटात वार, वेळ, जागा सांगा. “ऑलिंपिक खेळ आहे, देशाचं नाव मोठं करा” वगैरे दहा वर्षांच्या मुलाला नको. त्याला फक्त कळायला हवं की इथे चेंडू मिळतो. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एक मित्र आणायला सांगा. मित्राने आणलेलं मूल पत्रक वाचून आलेल्यापेक्षा जास्त टिकतं, कारण त्याला पहिल्या दिवशी एकटं वाटत नाही.

जागा, गोल आणि चेंडू

४० बाय २० मीटरची मोकळी जागा आपल्याकडच्या किती शाळांत आहे? म्हणून जागेपाशी अडू नका. लहान मुलांचा मिनी हँडबॉल जगभर साधारण २० बाय १३ मीटरवर, चार खेळाडू आणि एक गोलकीपर असा खेळला जातो. म्हणजे बास्केटबॉलचं कोर्ट पुरून उरतं. खो-खोचं मैदानही पुरतं: ते २७ बाय १६ मीटरचं असतं आणि दोन खांबांत २४ मीटर अंतर असतं, त्यामुळे आपलं २० मीटर खांबांच्या आत बसतं. फक्त दोन गोष्टी पाळा. खांबांना जुनी गादी किंवा पोती गुंडाळा, कारण धावणारं मूल गोलमागे जातंच. आणि खो-खोच्या सरांशी वेळ आधी ठरवा, त्यांच्या सरावानंतरची. त्यांची मुलं कडेला उभी राहून बघतात, हा आणखी एक फायदा.

सहा मीटरची कमान आखायला बरेच जण घाबरतात. सोपं आहे. गोलच्या दोन्ही पोस्टच्या बुडाशी, मागच्या आतल्या कोपऱ्यात, एकेक खुंटी ठोका. सहा मीटरची सुतळी एका खुंटीला बांधा, दुसरं टोक धरून बाजूच्या गोलरेषेपासून समोरपर्यंत पाव वर्तुळ फिरवा आणि मागोमाग फक्की टाकत या. दुसऱ्या खुंटीवरून तसंच. समोर दोन्ही वर्तुळांमध्ये तीन मीटरची जागा उरते, ती सरळ रेषेने जोडा. झाली कमान. नऊ मीटरची तुटक रेषाही (फ्री थ्रोची) अशीच, सुतळी तेवढी लांब. मिनी मैदानात नऊ मीटरचा नाद नको, आणि सात-आठ वर्षांची मुलं असतील तर कमान पाच मीटरवर आणली तरी चालते. फक्की मारायला मुलांनाच हाताशी घ्या. ज्याने रेषा आखली, तो रेषेत पाय टाकत नाही.

गोल लोखंडी पाइपचे वेल्डिंग करून घेता येतात, बांबूचे बांधता येतात, नाहीतर भिंतीवर रंगवताही येतात. लहान मुलांसाठी २ मीटरची उंची जास्त होते. गोलकीपर कितीही उडाला तरी वरून जाणारा प्रत्येक चेंडू गोल होतो आणि पोरगं हिरमुसतं. वरच्या बाजूला ३०-४० सेंटीमीटरची कापडी पट्टी किंवा जुना फ्लेक्स ताणून बांधा, गोल आपोआप बुटका होतो. जाळीसाठी कोकणात मासेमारीची जुनी जाळी मिळते, आणि ती बाजारातल्या जाळीपेक्षा चिवट निघते.

इथे एक गोष्ट थांबून वाचा. सुटा उभा केलेला गोल उलटून जगात अनेक मुलांचे जीव गेले आहेत. गोल जमिनीत रोवलेला नसेल तर त्याच्या मागच्या पायांवर वाळूची भरलेली पोती ठेवा किंवा खुंट्यांनी बांधा, आणि आडव्या दांडीला लोंबकळायची सक्त मनाई करा. सराव संपला की सुटा गोल जमिनीवर आडवा पाडून, साखळीने बांधून ठेवा. तुम्ही घरी गेल्यावरही मैदानात मुलं येतात.

चेंडू तीन मापांचे. नियमाप्रमाणे आठ ते बारा वर्षांचे मुलगे आणि आठ ते चौदा वर्षांच्या मुली १ नंबरच्या चेंडूने खेळतात. त्याचा घेर ५० ते ५२ सेंटीमीटर. बारा ते सोळा वर्षांचे मुलगे आणि चौदा वर्षांवरच्या मुली व महिला २ नंबरने, घेर ५४ ते ५६. सोळावरचे मुलगे आणि पुरुष ३ नंबरने, ५८ ते ६०. कपाटात पडलेला ३ नंबरचा चेंडू दहा वर्षांच्या मुलीच्या हातात देणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. तिच्या पंजात तो मावत नाही, ती दोन्ही हातांनी ढकलते, आणि “मला जमत नाही” म्हणून निघून जाते. तिला जमत होतं, चेंडू चुकीचा होता. योग्य मापाचा मिळेपर्यंत स्पंजचा किंवा थोडी हवा काढलेला लहान रबरी चेंडू घ्या. मऊ चेंडूने झेलताना बोटं दुखत नाहीत आणि गोलकीपर व्हायला कोणी घाबरत नाही.

दोन मुलांमागे एक चेंडू हवा. सोळा मुलांमध्ये दोन चेंडू असतील तर तुमच्याकडे सोळा खेळाडू नाहीत, दोन खेळाडू आणि चौदा प्रेक्षक आहेत. पैसे थोडे असतील तर टी-शर्ट छापू नका, चेंडू घ्या. बुटांचीही सक्ती पहिल्या महिन्यात नको. मैदानातले खडे, काचा रोज वेचा आणि जे कॅनव्हासचे बूट घरी असतील ते चालवा.

पहिला तास

हा तास मी पुष्कळदा घेतलाय आणि दरवेळी थोडा बदललाय. आता तो साधारण असा होतो.

मुलं येतील तशी लगेच खेळायला लागतात, सगळे जमेपर्यंत रांग नाही. पहिली दहा मिनिटं चेंडूची पकडापकडी: राज्य असलेल्या तिघांकडे एक चेंडू, तो एकमेकांकडे पास करत करत पळणाऱ्याला हातातल्या चेंडूनेच शिवायचं, फेकून मारायचं नाही. चेंडू हातात असणाऱ्याने तीनच पावलं टाकायची. बघता बघता मुलं पास द्यायला, मोकळ्या जागेत पळायला आणि पावलं मोजायला शिकतात, आणि ‘पासिंगचा सराव’ हा शब्दही उच्चारावा लागत नाही.

मग लगोरी. हो, आपली लगोरी. फरशीचे सात तुकडे मधोमध रचा आणि भोवती सहा पावलांचं वर्तुळ आखा. वर्तुळात कोणी पाय टाकायचा नाही. बाहेरून पास करत करत, मधल्या राखणदाराला चुकवत लगोरी फोडायची. हा हँडबॉलच आहे, गोल तेवढा लगोरीचा. सहा मीटरच्या कमानीचा नियम मी फळ्यावर कितीदा तरी समजावला होता. लगोरीने तो पाच मिनिटांत समजला. आबाधुबी, लगोरी, विषामृत खेळलेल्या मुलाला फेकणं, चुकवणं, दिशा बदलणं अंगात भिनलेलं असतं. ते त्याला येतं, हे फक्त त्याला दाखवून द्यायचं.

त्यानंतर उडी. सायकलचे तीन जुने टायर ओळीने जमिनीवर ठेवा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा, उजवा, डावा अशी पावलं त्यात टाकायची आणि शेवटच्या डाव्या पायावर उडी घेऊन फेकायचं. डावखुऱ्याचं बरोबर उलटं. तोंडाने मोठ्यांदा “एक, दोन, तीन” म्हणायला लावा, ताल तोंडात आला की पायात उतरतो. पहिल्या दिवशी निम्म्यांचा पाय चुकणार. चुकू द्या. उतरताना मात्र गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, मांजरासारखं उतरायला सांगा आणि ही गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून ठेवा. हँडबॉलमध्ये गुडघा आणि घोटा सर्वात आधी दगा देतात, मुलींच्या गुडघ्याची तर जास्तच काळजी घ्यावी लागते. नॉर्वेत १२० क्लबांतल्या पंधरा ते सतरा वर्षांच्या खेळाडूंवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरावाच्या वॉर्मअपमध्ये पंधरा-वीस मिनिटं तोल, उडी आणि उतरण्याचे व्यायाम घातल्यावर गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. याला उपकरण लागत नाही, लागतो तो फक्त तुमचा आग्रह.

शेवटची वीस-पंचवीस मिनिटं सामना. पाचास पाच. टप्पा बंद, फक्त पास, म्हणजे एकच पोरगा चेंडू घेऊन सुसाट जात नाही. मुलं जास्त असतील तर दोन मैदानं आखा. बाकावर एकही मूल बसता कामा नये. गोलकीपर दर तीन मिनिटांनी बदला आणि डोक्याच्या दिशेने फेकलेला चेंडू गोल धरू नका. मोठ्यांच्या नियमांतही २०२२ पासून, समोर अडवणारा कोणी नसताना गोलकीपरच्या डोक्यावर चेंडू मारला तर दोन मिनिटांचं निलंबन आहे. कबड्डीची सवय असलेली मुलं पहिल्या दिवशी समोरच्याच्या कमरेला मिठी मारतील. रागावू नका. “इथे पकड नाही, समोर उभं राहून वाट अडवायची” एवढं सांगा. साखळी करायची त्यांची सवय पुढे बचावाच्या भिंतीत सोन्यासारखी उपयोगी पडते.

गुण मोजायची एक युक्ती जर्मनीतल्या लहान गटांत वापरली जाते, ती मला फार आवडते: संघाने केलेले गोल गुणिले गोल करणाऱ्यांची संख्या. एकाच मुलाने आठ गोल केले तर आठ एके आठ. चार जणांनी मिळून पाच केले तर पाच चोक वीस. हे ऐकल्यावर मैदानातला सगळ्यात तरबेज मुलगा सगळ्यात बुजऱ्या मुलाला शोधून पास देतो. तुम्ही कितीही सांगितलं असतं तरी त्याने दिला नसता.

तास संपताना वहीत बघा: कोणाचा गोल राहिला? त्याला, तिला थांबवून एक सात मीटर मारू द्या, गोलमध्ये तुम्ही उभे राहा. चेंडू आत जाईपर्यंत.

मुली

मुलींची तुकडी उभी करायची असेल तर काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात, नंतर सुचून उपयोग नाही. सराव अंधार पडायच्या आत संपला पाहिजे आणि घरी जायचा रस्ता कोणाबरोबर, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. स्वच्छतागृह उघडं आणि वापरण्यासारखं हवं. मैदानावर एक ताई हवी: माजी खेळाडू, शिक्षिका, किंवा मैदानावर यायला तयार असलेली एखादी आई. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे मुली सरांना विचारणार नाहीत, ताईला विचारतील. ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालतो, हे घरी आपणहून सांगा. पुष्कळ घरांत नकार खेळाला नसतो, कपड्यांना असतो.

पहिला महिना मुलींचा सामना वेगळा घ्या. एकत्र खेळताना मुलं पास देत नाहीत, मुली मागे सरकतात, आणि आपल्याला वाटतं त्यांना रस नाही. महिनाभर चेंडू हाताला लागला की मग एकत्र खेळवा, त्या मागे सरकणार नाहीत.

आणि हे मुलगे-मुली दोघांसाठी: कुठलंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर एकटं राहणार नाही, मैदानावर कायम दोन मोठी माणसं असतील, पालकांना विचारल्याशिवाय फोटो कुठे टाकला जाणार नाही. हे लिहून पालकांच्या हातात द्या. विश्वास तिथून सुरू होतो.

घरचे विचारतात, “याचा पुढे उपयोग काय?”

प्रश्न रास्त आहे, त्याला खरं उत्तर द्यावं. हँडबॉल पुरुषांसाठी १९७२ पासून आणि महिलांसाठी १९७६ पासून सलग ऑलिंपिकमध्ये आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये तो पहिल्यांदा आशियाई खेळांत आला. २०२३ मध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला मोसम झाला आणि तो महाराष्ट्र आयर्नमेन या संघाने जिंकला. शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट आहेत, आणि ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात.

एवढं सांगा आणि थांबा. नोकरीची, परदेशाची आमिषं दाखवू नका. मी आई-बाबांना आणखी एक सांगतो: “दोन महिने पाठवा. अभ्यास मागे पडतोय असं वाटलं तर मला सांगा, मी स्वतः दिवस कमी करतो.” आणि परीक्षेच्या आठवड्यात आपणहून सराव अर्ध्या तासावर आणा. पालक हे लक्षात ठेवतात.

एक सावधगिरी मात्र हवीच. देशात या खेळाच्या महासंघाच्या मान्यतेवरून गेल्या काही वर्षांत वाद झाले आहेत. त्यामुळे पैसे भरून मुलांना एखाद्या ‘राष्ट्रीय’ स्पर्धेला नेण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, त्या प्रमाणपत्राला मान्यता आहे का. पालकांनी पै-पै जोडून दिलेलं भाडं आणि मुलाचं एक वर्ष अशा कागदावर जाऊ नये ज्याचा पुढे काही उपयोग नाही.

तिसरा आठवडा

पहिल्या आठवड्याची गर्दी बघून खूश होऊ नका. खरी गळती तिसऱ्या आठवड्यात होते: नवलाई संपलेली असते आणि सामना अजून लांब असतो. माझ्याकडे यासाठी एक साधी वही आहे. रोजची हजेरी, आणि नावापुढे एक रकाना, आज काय नवं जमलं. लागोपाठ दोन दिवस जो आला नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी फोन. “का आला नाहीस” असं नाही विचारायचं. “काल तुझी जागा रिकामी होती, डाव्या विंगला कोणी नव्हतं” असं सांगायचं. कधी कळतं की आई आजारी आहे, कधी कळतं की एका मोठ्या मुलाने चिडवलं. दुसरं असेल तर त्याच दिवशी मिटवा.

पावसाळ्याचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच. शाळा जूनमध्ये उघडते, उत्साह तेव्हाच असतो, आणि मैदानात तेव्हाच चिखल. व्हरांड्यात किंवा शेडमध्ये आठवड्यातून दोनच दिवस, भिंतीवर फेकणं-झेलणं, उतरण्याचे व्यायाम, जागच्या जागी पास. मुलांची नाळ तुटू द्यायची नाही एवढाच हेतू. खरी मोठी संधी दिवाळीची सुट्टी आणि मे महिना; पंधरा दिवसांच्या सकाळच्या शिबिरातून जेवढी मुलं मिळतात तेवढी वर्षभरात मिळत नाहीत.

कोकणात किंवा गोव्यात असाल तर वाळू तुमच्या दारात आहे. बीच हँडबॉलचं मैदान २७ बाय १२ मीटरचं, गोलकीपर धरून चारच खेळाडू, आणि हवेत गिरकी घेऊन केलेल्या गोलाला दोन गुण. ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत काठीने रेषा ओढा. पडलं तरी लागत नाही, त्यामुळे मुलं निर्धास्त उड्या मारतात.

पहिले सामने

सुरुवातीपासून सहा आठवड्यांच्या आत सामने झाले पाहिजेत. शेजारच्या दोन शाळा बोलवा, एक सकाळ ठरवा, दहा-दहा मिनिटांचे पुष्कळ सामने ठेवा, प्रत्येक मूल किमान चार खेळेल असे. चषक नको, गुणतक्ता नको. नॉर्वेत मुलाला अकरावं वर्ष लागेपर्यंत स्पर्धेचे तक्ते, क्रमवारी ठेवतच नाहीत, आणि त्या देशाच्या महिला संघाने ऑलिंपिक सुवर्ण एकापेक्षा जास्त वेळा जिंकलं आहे. तेव्हा लहानपणी तक्ता नसल्याने जिद्द कमी होते ही भीती सोडा. पोहे, केळी, पाणी आणि सावली यांची सोय बघा. पालकांना गुणलेखनाला बसवा. ज्या वडिलांनी एकदा गोल मोजले, ते पुढच्या वेळी स्वतः मुलाला सोडायला येतात.

सातास सात, मोठं मैदान, २ नंबरचा चेंडू (मुलींना तो चौदानंतर) हे सगळं बाराव्या वर्षानंतर हळूहळू आणा. वयाच्या दाखल्यांची, शाळेच्या शिक्क्याची, ओळखपत्राच्या फॉर्मची तयारी स्पर्धा जाहीर व्हायच्या आधीच एका फायलीत करून ठेवा; चांगली मुलं केवळ एका सहीपायी घरी राहिलेली मी पाहिली आहेत. आणि निवड करताना बारा-चौदा जणांच्या यादीत ज्यांचं नाव नाही, त्यांना ते फळ्यावर वाचायला लावू नका. स्वतः बाजूला घेऊन सांगा, आणि त्याच वेळी दुसरं काम हातात द्या. हँडबॉलला दोन पंच लागतात, दोघांचा अधिकार सारखा. गुणलेखक लागतो, वेळ बघणारा लागतो. संघात न आलेल्या चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती लहानांच्या सामन्याची शिट्टी द्या. पहिल्या सामन्यात ती घाबरत, हळू वाजवेल. कोणी हुज्जत घातली तर तुम्ही मध्ये पडू नका, फक्त तिच्या मागे उभे राहा.

पुढच्या जूनमध्ये नवी मुलं येतील तेव्हा पहिला तास तुम्ही घेऊ नका. मागच्या वर्षीच्या मुलांना लगोरी रचू द्या, टायर मांडू द्या, आणि ज्याला अजून गोल जमला नाही त्याच्यासमोर गोलमध्ये त्यांनाच उभं राहू द्या.